शिवाजी विद्यापीठाचे वनस्पती उद्यान: पावसाळ्यातच पाहावे

हिरवळ, कारंजी आणि रंगीबेरंगी ताटवे पाहण्याच्या अपेक्षेने कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात जाऊ नये. वनस्पतिशास्त्र विभागाने जोपासलेला हा सह्याद्रीतल्या दुर्मीळ वनस्पतींचा संग्रह आहे, आणि त्यांपैकी कित्येक वनस्पती वर्षाचा मोठा काळ जमिनीखाली कंदाच्या रूपात काढतात. भर उन्हाळ्यात गेलात तर त्यांच्या जागी नुसती माती दिसेल.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मात्र खरतुडी, म्हणजेच कंदीलपुष्प, फुलते. पाकळ्यांची टोके वर एकमेकांना जुळलेली असल्यामुळे फूल खरोखरच टांगलेल्या कंदिलासारखे दिसते. गंधाने ओढले गेलेले चिलट त्याच्या नळीत घसरते, आतल्या खाली वळलेल्या केसांमुळे तिथेच अडकते आणि केस सुकले की परागपुंज अंगावर घेऊन बाहेर पडते. हे एक फूल भिंगाखाली निवांत पाहण्यासाठीही कोल्हापूरची वाट धरावी, असे माझे प्रामाणिक मत आहे.

खरतुडीच्या अनेक जाती एखाद्या गडाच्या कड्यापुरत्या किंवा मोजक्या सड्यांपुरत्या, म्हणजे उघड्या कातळपठारांपुरत्या, उरल्या आहेत. कंद गोडसर लागतो म्हणून गुराखी तो उकरून खातात, रानडुक्कर आणि साळिंदरही सोडत नाहीत, शिवाय चराई आणि खाणकाम आहेच. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जाती उद्यानात वाढवल्या, त्यांची रोपे तयार केली आणि ती पुन्हा डोंगरात नेऊन लावली. या उद्यानाचे मोठेपण मला इथेच वाटते: वनस्पती कुंडीत जगवली की काम झाले, असे इथे मानलेले नाही.

‘हबार्डिया हेप्टान्यूरॉन’ या गवताची कथाही जरूर जाणून घ्यावी. 1919 मध्ये कर्नाटकात शरावती नदीवरच्या गिरसप्पा (जोग) धबधब्याजवळ ते प्रथम गोळा केले गेले. पुढे शरावतीचे पाणी विजेसाठी वळवले गेले, तुषारांवर जगणारे हे गवत तिथे पुन्हा सापडेना आणि ते नामशेष झाल्याचे मानले गेले. यादवांच्या गटाला ते तिलारी परिसरात ओल्या कातळावर सापडले आणि उद्यानात त्याची वाढही झाली. दिसायला अगदी साधे आहे. माहीत नसलेला माणूस त्यावर पाय देऊन पुढे जाईल.

हे संशोधनाचे ठिकाण असल्यामुळे विभागाशी आधी बोलून, शक्य झाल्यास वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला सोबत घेऊन जाणे उत्तम. शाळांच्या सहली साधारणपणे डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि तोवर खरतुडीचा बहर संपलेला असतो. चंदगड, आजरा, भुदरगड या घाटालगतच्या तालुक्यांतील शिक्षकांना म्हणूनच आग्रहाची विनंती आहे, की निदान एक सहल श्रावण-भाद्रपदात काढावी, कारण सड्यावर गुरे घेऊन जाणारी आणि कुठे काय उगवते हे ठाऊक असणारी मुले त्यांच्याच वर्गात बसलेली असतात.