वर्षाचा आकडा की पिढीचा आकडा? जननदरांच्या निवडीचा तुलनात्मक आढावा

जन्मांविषयी अहवाल किंवा प्रबंध लिहायला बसलेल्या अभ्यासकासमोर एकाच प्रदेशाचे, एकाच वर्षाचे चार-पाच निरनिराळे दर येतात आणि ते सगळेच आपापल्या जागी बरोबर असतात. त्यांतला कोणता घ्यावा, हे भागाकाराच्या छेदस्थानी कोणाला बसवले आहे आणि आपल्याला कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे, यावरून ठरवावे लागते.

सर्वांत सोपा दर म्हणजे अशोधित जन्मदर. वर्षभरातील जिवंत जन्मांना वर्षाच्या मध्याच्या एकूण लोकसंख्येने भागून हजाराने गुणले की तो मिळतो. त्यातून मृत्युदर वजा केला की नैसर्गिक लोकसंख्यावाढ लगेच हाती येते, आणि एवढ्यासाठी त्याला पर्याय नाही. मात्र दोन प्रदेशांतील जननाची तुलना करायची असेल, तर तो बाजूला ठेवावा. समजा, दोन प्रदेशांची लोकसंख्या प्रत्येकी १० लाख आहे आणि दोन्हीकडे वर्षात १८,००० बाळे जन्मली. दोघांचाही अशोधित जन्मदर १८ येईल. पण पहिल्या प्रदेशात १५ ते ४९ वयाच्या २ लाख २० हजार स्त्रिया असतील आणि दुसऱ्यात २ लाख ८० हजार, तर दर हजार स्त्रियांमागील जन्म, म्हणजे सर्वसाधारण जननदर, पहिल्याकडे सुमारे ८२ आणि दुसऱ्याकडे सुमारे ६४ निघतो. छेदातून पुरुष, मुले आणि वृद्ध वगळताच दोन्ही प्रदेशांचे सारखेपण संपले. हा दुसरा दर पहिल्यापेक्षा बरा, पण १५ ते ४९ या पट्ट्याच्या आतही विशीतल्या स्त्रियांचे प्रमाण ठिकठिकाणी वेगळे असते, त्यामुळे तोही फार दूर नेत नाही.

खरी निवड पुढे आहे. वयोगटनिहाय जननदर म्हणजे प्रत्येक वयोगटातील स्त्रियांना झालेल्या जन्मांना त्याच वयोगटातील स्त्रियांच्या संख्येने भागणे. उदाहरणादाखल, १५–१९ पासून ४५–४९ पर्यंतच्या सात गटांचे दर हजारी २०, ११०, १३०, ८०, ३५, १० आणि ३ असे धरू. त्यांची बेरीज ३८८. प्रत्येक गट पाच वर्षांचा असल्याने तिला पाचाने गुणायचे, म्हणजे १,९४०. हजाराने भागले की दर स्त्रीमागे १.९४. हाच एकूण प्रजनन दर, ज्याला सगळीकडे टीएफआर म्हणतात. (पाचाने गुणायचे विसरल्यामुळे ०.३९ असा अशक्य आकडा छापून आलेला मजकूर अधूनमधून दिसतो. तक्ता तपासताना पहिली नजर तिथे टाकावी.)

या १.९४ चा अर्थ नीट लावणे आवश्यक आहे. एखादी स्त्री या एकाच वर्षात दिसलेल्या दरांनुसार पंधराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत जगली, तर तिला सरासरी इतकी मुले होतील, असे ते विधान आहे. अशी स्त्री प्रत्यक्षात कुठेच नसते. वीस वर्षांची तरुणी आणि चाळीस वर्षांची बाई वेगवेगळ्या काळात वाढलेल्या असतात. त्यांचे दर एकापुढे एक ठेवून आपण एक कल्पित आयुष्य शिवलेले असते. तरीही त्या वर्षी काय घडले हे सांगण्यात हा आकडा तरबेज आहे. जपानमध्ये साठ वर्षांनी एकदा येणाऱ्या ‘हिनोए-उमा’ वर्षी जन्मलेल्या मुली पुढे पतीला जाचक ठरतात, असा जुना समज आहे. १९६५ मध्ये तेथील एकूण प्रजनन दर २.१४ होता, १९६६ हे तसे वर्ष होते, तेव्हा तो १.५८ पर्यंत कोसळला आणि १९६७ मध्ये २.२३ वर गेला. त्या काळातील जपानी स्त्रियांच्या आयुष्यभरातील अपत्यसंख्येत या एका वर्षाचा मागमूसही जवळपास लागत नाही, कारण टाळलेली बरीच बाळंतपणे मागच्या-पुढच्या वर्षांत झाली. शाळेच्या प्रवेशांचे किंवा लसीकरणाचे नियोजन करणाऱ्याला मात्र ती खोल दरीच महत्त्वाची असते.

याच्या समोर उभा राहतो पिढीचा आकडा, म्हणजे पूर्ण जनन. एकाच वर्षी जन्मलेल्या स्त्रियांचा समूह घेऊन, त्या पन्नाशीला पोहोचेपर्यंत त्यांना सरासरी किती मुले झाली हे मोजायचे. येथे कल्पित काहीच नाही. स्वीडनमध्ये वर्षाचा आकडा १९९० मध्ये २.१ च्या वर होता आणि १९९९ पर्यंत १.५ वर उतरला. तो पाहून कोणीही म्हणेल की दशकभरात कुटुंबाचा आकारच बदलला. पण तेथील लागोपाठच्या पिढ्यांची अंतिम अपत्यसंख्या दोनच्या आसपासच राहिली. दोन बाळंतपणांतील अंतर ठरावीक मुदतीत ठेवल्यास पालकत्व रजेचा भत्ता पहिल्या पातळीवरच टिकत असे, त्यामुळे ऐंशीच्या दशकात पुढची मुले लवकर झाली. नव्वदीत आर्थिक मंदी आली आणि जन्म लांबणीवर पडले. वेळ हलली, संख्या फारशी हलली नाही.

मग पिढीचाच आकडा का वापरू नये? कारण तो उशिरा येतो. १९९० मध्ये जन्मलेल्या स्त्रियांचे पूर्ण जनन २०४० च्या सुमारास ठरेल. धोरण आज ठरवायचे असते. चाळिशीच्या पिढीसाठी उरलेल्या वर्षांचे जन्म अंदाजाने भरणे शक्य आहे आणि त्यात चूक लहान असते, कारण चाळिशीनंतरचे जन्म थोडेच असतात. तिशीच्या पिढीसाठी तसा अंदाज मी कोणाला छापण्याचा सल्ला देणार नाही.

या दोहोंमधला एक मधला मार्ग लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन बोंगार्ट्स आणि ग्रिफिथ फीनी यांनी १९९८ मध्ये मांडला. माता होण्याचे सरासरी वय दरवर्षी ०.१ वर्षाने वाढत असेल, तर वर्षाचा दर सुमारे दहा टक्क्यांनी दबतो, हे त्यामागचे तर्कशास्त्र आहे, म्हणून १.६२ ला ०.९ ने भागून १.८० असा समायोजित आकडा काढायचा. प्रत्यक्षात हे गणित पहिले, दुसरे, तिसरे अपत्य असे अपत्यक्रमानुसार स्वतंत्रपणे करून मग बेरीज घ्यायची असते. वर्षानुवर्षे एकाच दिशेने वय सरकत असेल तेव्हा ही पद्धत उपयोगी पडते, पण वय कधी वेगाने, कधी सावकाश सरकते तेव्हा समायोजित आकडाच हेलकावे खाऊ लागतो. माझ्या मते तो पुराव्याला जोड म्हणून ठेवावा, मथळ्यात नव्हे.

२.१ या ‘प्रतिस्थापन पातळी’बद्दल, म्हणजे एका पिढीची जागा पुढच्या पिढीने जेमतेम भरून काढणाऱ्या एकूण प्रजनन दराबद्दल, थोडक्यात. दर १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात आणि काही मुली प्रजननाच्या वयाआधीच दगावतात, म्हणून आईची जागा एका मुलीने घेण्यासाठी दोनपेक्षा थोडे अधिक जन्म लागतात. बालमृत्यू जास्त असलेल्या किंवा मुलींचे जन्म कमी होणाऱ्या प्रदेशात ही पातळी २.१ च्या वर जाते; तेथे निव्वळ पुनरुत्पादन दर (मृत्यूंचा हिशेब धरून दर स्त्रीमागे होणाऱ्या मुलींची सरासरी संख्या) काढून तो १ च्या वर आहे की खाली, हे पाहणे अधिक प्रामाणिक ठरते.

दर कोणताही निवडला, तरी माहिती कोठून आली हे पाहावेच लागते. जन्मनोंदणी पूर्ण असेल तर तिच्याइतके विश्वासार्ह काही नाही: दरवर्षीचा, एकेका वयाचा, लहान प्रदेशापर्यंतचा तपशील तिच्यातूनच मिळतो. मात्र तक्ता जन्मतारखेनुसार केला आहे की नोंदणीच्या तारखेनुसार, आणि जन्म झाला त्या ठिकाणानुसार की आईच्या नेहमीच्या निवासानुसार, हे शीर्षकाखाली लिहिलेले नसेल तर तो वापरू नये. मोठी प्रसूतिगृहे असलेल्या शहराचा दर जन्माच्या ठिकाणानुसार केलेल्या तक्त्यात फुगतो. अपत्यक्रमाच्या रकान्यातही फसगत होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२ पर्यंत आधीच्या मुलांची माहिती फक्त विवाहित मातांकडून घेतली जात असे. तेथील जुन्या तक्त्यांत पहिल्या अपत्याचा रकाना सर्व मातांचा आहे असे समजणे चुकीचे ठरेल.

नोंदणी अपुरी असेल तेथे सर्वेक्षणातील जन्म-इतिहास घ्यावा लागतो. प्रत्येक स्त्रीला तिच्या सर्व मुलांच्या जन्मतारखा विचारून, बहुधा मुलाखतीच्या आधीच्या तीन वर्षांचा सरासरी दर काढतात. त्याची ओळखीची खोट अशी की गेल्या पाच वर्षांत जन्मलेल्या मुलांबद्दल आरोग्याचे लांबलचक प्रश्न असतात, आणि ते टाळण्यासाठी काही प्रगणक मुलाचा जन्म वर्षभर मागे ढकलतात; परिणामी जन्म-इतिहासात पाचव्या वर्षी खड्डा आणि सहाव्या वर्षी उंचवटा दिसतो. अशा माहितीची पडताळणी करण्यासाठी लोकसंख्याशास्त्रज्ञ विल्यम ब्रास यांचे गुणोत्तर अजूनही कामाचे आहे: स्त्रियांनी सांगितलेली आजवरची सरासरी मुले आणि अलीकडील दरांची त्याच वयापर्यंतची बेरीज यांचा भागाकार करायचा, आणि तरुण वयोगटांत तो १ पासून दूर गेला तर संशय घ्यायचा.

तक्ता स्वतः करणाऱ्याने वयाची व्याख्या आधी ठरवावी. सप्टेंबरमध्ये तीस पूर्ण करणाऱ्या स्त्रीला मार्चमध्ये बाळ झाले, तर पूर्ण वर्षांच्या हिशेबाने ते २९ च्या ओळीत जाते आणि ‘वर्षात गाठलेले वय’ या हिशेबाने ३० च्या. दोन देशांचे तक्ते या दोन पद्धतींनी केलेले असतील, तर माता होण्याच्या सरासरी वयात सुमारे अर्ध्या वर्षाचा फरक निव्वळ कागदावर तयार होतो. जर्मन संख्याशास्त्रज्ञ विल्हेल्म लेक्सिस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, एका अक्षावर वर्ष आणि दुसऱ्यावर वय असलेल्या आकृतीत प्रत्येक जन्म कॅलेंडर वर्ष, वय आणि आईचे जन्मवर्ष या तिन्हींनी ठरणाऱ्या त्रिकोणात बसतो. मूळ नोंदी या त्रिकोणांत ठेवल्या तर पुढे वर्षाचा तक्ता आणि पिढीचा तक्ता दोन्ही त्याच नोंदींतून काढता येतात. अनेक देशांची जननविषयक आकडेवारी एकत्र ठेवणाऱ्या ह्यूमन फर्टिलिटी डेटाबेसमध्ये हीच रचना वापरली आहे.

निवडीचा माझा क्रम असा: चालू स्थिती सांगायची असेल तर वर्षाचा एकूण प्रजनन दर, पण शेजारी वयोगटनिहाय दर आणि माता होण्याचे सरासरी वय दिल्याशिवाय नाही, कुटुंबाचा आकार बदलला की नाही हा वाद असेल तर पिढीचा आकडा, उशिरा का असेना, आणि सेवांचे नियोजन असेल तर दर सोडून थेट जन्मांची संख्या. तालुक्याएवढ्या प्रदेशात एखाद्या वयोगटात वर्षाला जेमतेम पाच-दहा जन्म होतात, तेथे योगायोगानेच दर दीडपट किंवा निम्मा होऊ शकतो. अशा वेळी तीन किंवा पाच वर्षांचे जन्म एकत्र करून, छेदातही तेवढ्याच वर्षांतील स्त्रियांची बेरीज घ्यावी आणि तक्त्याच्या शीर्षकात तो कालावधी लिहावा.