जर्मनीत भाड्याची गाडी: काही महिने वापरल्यावर कळलेला खर्चाचा हिशोब

२०२४ मध्ये एप्रिल ते सप्टेंबर आम्ही म्युनिकला होतो, ह्यांचं प्रोजेक्ट होतं. गाडी विकत घ्यायची नाही हे आधीच ठरलेलं, लागेल तेव्हा भाड्यानं घ्यायची आणि ऑस्ट्रिया, इटली, स्वित्झर्लंडकडं जाऊन यायचं असं चाललेलं, आणि स्टेअरिंगवर जास्त करून मीच, कारण उजव्या हातानं गिअर टाकायचा म्हटलं की ह्यांना घाम फुटतो. परत आल्यापासून बेळगावात, आमच्या टिळकवाडीत जो भेटेल तो विचारतोय, पोरगा तिकडं आहे, आम्ही जाणार आहे, गाडी परवडते का वो? म्हणून एकदाच लिहून टाकते. कंपनीचं नाव विचारू नका, बऱ्याच वापरल्या आणि काउंटरवर सगळ्यांचं गाणं एकच.

वेबसाइटवर दिसतं ते भाडं म्हणजे दाखवायचे दात. खरे पैसे जातात ते इन्शुरन्सला. होतं काय, भाड्यात बेसिक इन्शुरन्स असतोच, पण गाडीला काही झालं तर पहिले हजार-दीड हजार युरो तुमचे, त्याला एक्सेस म्हणतात. काउंटरवरची पोरगी गोड हसून विचारते, झिरो करून देऊ का, दिवसाला पंचवीस युरो फक्त. दहा दिवस गाडी ठेवली तर अडीचशे युरो, म्हणजे कधीकधी गाडीच्या भाड्याएवढेच! आणि लांबचा प्रवास करून दमून आलेला माणूस हो म्हणून टाकतो, त्यांचा धंदाच त्यावर चालतो असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही एक्सेसची पॉलिसी वेगळ्या कंपनीकडून ऑनलाइन काढत होतो, ती दिवसाला चार-पाच युरोत पडायची. फरक एवढाच की नुकसान झालं तर आधी तुमच्या क्रेडिट कार्डातून पैसे कापतात, मग तुम्ही पॉलिसीवाल्याकडं क्लेम करायचा. ज्यांचं कार्डाचं लिमिट कमी आहे किंवा ज्यांना असं काही झालं की रात्रभर झोप लागत नाही त्यांनी सरळ काउंटरवरचा घ्यावा, मी नावं ठेवणार नाही.

आमच्यावर क्लेमची पाळी आलीच. पुढच्या ट्रकच्या चाकाखालचा खडा उडून काचेवर बसला, वाटाण्याएवढा तारा उमटला, बास. काच आणि टायर बऱ्याच वेळा बेसिक इन्शुरन्समध्ये येतच नाहीत हे काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही, कराराच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात असतं. गाडी परत दिली, चार दिवसांनी कार्डातून काचेचे पैसे गेले, वर प्रोसेसिंगचा चार्ज वेगळा. पॉलिसीवाल्यानं मागितलं ते एवढंच: भाड्याचा करार, डॅमेजचं बिल, कार्डाचं स्टेटमेंट आणि फोटो. ह्यांना प्रत्येक गाडीचे घेताना आणि देताना चारी बाजूंनी फोटो काढायचा नाद आहे, व्हीलकॅप, छप्पर, डॅशबोर्डवरचा पेट्रोलचा काटा सगळं, मी चिडवायचे, गाडीला स्थळ बघताय काय म्हणून. महिन्याभरात काचेचे पैसे आले, प्रोसेसिंगचे नाही. तरी परवडलं.

आता पेट्रोल. ह्यात आपण बॉर्डरवरची माणसं तयार असतो. कोल्हापूरच्या गाड्या कोगनोळी-निपाणीकडं, म्हणजे कर्नाटकात आल्या की टाकी फुल करतात, आपण गोव्याहून परत येताना चोर्ला घाट चढायच्या आधी भरून घेतो, कुठल्या बाजूला स्वस्त हे आपल्याला शिकवावं लागत नाही. तिकडं तसंच. जर्मनीपेक्षा ऑस्ट्रियात पेट्रोल स्वस्त, आम्ही होतो तेव्हा लिटरमागं दहा-पंधरा सेंटचा फरक सहज दिसायचा, आणि इटलीत तर त्याहून महाग. त्यामुळं इटलीला जाताना ऑस्ट्रियातच टाकी फुल. ऑस्ट्रियात पंपवाल्याला दर दिवसातून एकदाच, दुपारी बारा वाजता वाढवता यायचा, कमी मात्र कधीही करता यायचा, २०११ पासून तसा नियम होता. म्हणून आम्ही बाराच्या आत भरायचो. जर्मनीत तेव्हा उलटं होतं, दर दिवसभर वरखाली व्हायचा, सकाळी चढलेला आणि संध्याकाळी उतरलेला असायचा. तिथं पंपांना दर सरकारी यंत्रणेला लगेच कळवावे लागतात, त्यामुळं फोनवरच्या अ‍ॅपमध्ये जवळच्या प्रत्येक पंपाचा चालू दर दिसतो. ऑटोबानच्या, म्हणजे तिथल्या हायवेच्या कडेच्या पंपावर मात्र कधी भरू नका, एक्झिट घेऊन बाहेर पडलं की ऑटोहोफ म्हणून ट्रकवाल्यांचे थांबे असतात, तिथं पेट्रोल स्वस्त आणि जेवणही बरं.

इटलीत पंपावर दोन दर लिहिलेले असतात, सेल्फ आणि सेर्व्हितो. सेर्व्हितो म्हणजे माणूस येऊन भरून देणार, तेच पेट्रोल पण जास्त दरानं. मामांजी जुलैत आलेले, ते म्हणाले, "ह्यास्नी नळी धरायचे पण पैसे द्यायचे व्हय?" आणि स्वतः खाली उतरून भरलं. एवढं लक्षात ठेवा की बिनमाणसाच्या पंपावर कार्ड घातलं की शंभर युरोपर्यंत ब्लॉक होतात आणि नंतर सुटतात, घाबरून बँकेला फोन करायची गरज नाही. आणि कार्डाच्या मशीननं कुठंही विचारलं रुपयात का युरोत, तर युरो. रुपयात म्हटलं की ते त्यांच्या मनाचा रेट लावतात. कार्डही जाताना बघून घ्या, साध्या कार्डावर परदेशी खर्चाला साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप आणि त्यावर जीएसटी लागतो, कमी मार्कअपची कार्डं मिळतात.

टोलचं प्रत्येक देशात वेगळं. जर्मनीत कारला टोल नाही. ऑस्ट्रियात व्हिन्येट, म्हणजे ठरावीक मुदतीचा हायवेचा पास घ्यावा लागतो, दहा दिवसांचं २०२४ मध्ये ११.५० युरो होतं. स्वित्झर्लंडमध्ये वर्षाचंच मिळतं, ४० फ्रँक, एका दिवसासाठी गेलात तरी तेवढेच, म्हणून भाड्याची गाडी घेताना त्यावर स्विस व्हिन्येट आधीपासून आहे का विचारायचं, आम्हाला एकदा तशी मिळाली आणि ४० फ्रँक वाचले. आणि एक गंमत, म्युनिककडून ऑस्ट्रियात शिरलं की कुफस्टाइन-झ्युडच्या एक्झिटपर्यंत व्हिन्येट लागत नाही. म्हणजे आल्प्सच्या पायथ्याला जर्मन बाजूला फिरायला गेलेलो असलो की कुफस्टाइनात जाऊन स्वस्त पेट्रोल भरून परत! फक्त पेट्रोलसाठी म्युनिकहून जाऊ नका, मग आपल्याकडच्या त्या माणसांसारखं होतं जे दोन रुपये वाचवायला दहा किलोमीटर जातात. ऑस्ट्रियातून इटलीत उतरायच्या ब्रेनर घाटाला मात्र व्हिन्येट असलं तरी हायवेचा टोल वेगळा द्यावा लागतो. खालून जुना रस्ता जातो तो फुकट, वळणावळणाचा, चोर्ला केलेल्याला काही वाटत नाही, वेळ मात्र जातो.

पार्किंगला जर्मनीत गाडीच्या कप्प्यात निळी पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची चकती असते, आल्याची वेळ पुढच्या अर्ध्या तासावर फिरवून काचेमागं ठेवायची, म्हणजे १०:१० ला आलात तर १०:३०. फुकट पार्किंग पण चकती नसेल तर दंड. इटलीत पांढरी रेघ फुकट, निळी पैशाची, पिवळीकडं बघायचंही नाही. आणि जुन्या गावठाणात झेडटीएल नावाचे भाग असतात, फ्लोरेन्ससारख्या शहरात तर मोठाच, तिथं परमिटशिवाय शिरलं की कॅमेरा फोटो काढतो. माझ्या दिराला परत आल्यावर कितीतरी महिन्यांनी दंडाचं पत्र आलं, आणि त्याआधी भाड्याच्या कंपनीनं नुसतं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याचा चार्ज कापलेला.

जिथं पैसे वाचवू नये असं एक सांगते. मॅन्युअल गाडी स्वस्त मिळते, पण रस्ता उजवीकडून, स्टेअरिंग डावीकडं, त्यात गिअर पण सांभाळायचा, पहिल्यांदा जाणाऱ्यानं ऑटोमॅटिकच घ्यावी. ते पैसे एअरपोर्टऐवजी गावातल्या ऑफिसातून गाडी घेऊन निघतात, फक्त तिथली बरीच ऑफिसं शनिवारी दुपारी बंद होतात आणि रविवारी उघडत नाहीत. लहान मूल असेल तर सीट भाड्यानं घेऊ नका, दिवसाचं भाडं धरलं तर आठवड्याभराच्या पैशात नवीन येते, आणि सीटशिवाय चालत नाही, जर्मनीत १२ वर्षांखाली आणि दीडशे सेंटीमीटरपेक्षा कमी उंची असेल तर लागतेच.

जायच्या आधी बेळगाव आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून घ्या, परिवहनच्या साइटवर अर्ज, फी १००० रुपये, एक वर्ष चालतं. ऑनलाइन जे "दहा मिनिटांत इंटरनॅशनल लायसन" विकतात ते सरकारी नव्हे. जर्मनीत राहायला गेलात तर आपलं लायसन सहा महिनेच चालतं, त्यामुळं मोठ्या ट्रिपा त्यातच बसवा. वाटेतल्या खाण्याला कडक भाकरी, शेंगाचटणी असलं न्या, कुंदा मात्र नाही, दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात न्यायला बंदी आहे, सासूबाईंना हे पटवायला जर्मन शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

आणि शहरात फिरायला गाडी घेऊच नका. आम्ही होतो तेव्हा महिन्याला ४९ युरोचं तिकीट होतं, लोकल ट्रेन, बस, ट्राम सगळ्या जर्मनीत चालायचं, दर नंतर वाढलाय. आम्ही महिनाभर त्यावर फिरायचो आणि डोंगरात किंवा बॉर्डरपलीकडं जायचं असलं तरच गाडी काढायचो.