क्लचची एअर काढायला व्हॅक्युम हातपंप किट: ब्रेकला बरा, क्लचला सिरिंजच भारी

पिस्तुलाच्या आकाराचा पंप, त्यावर मीटर, दोन तोट्यांच्या झाकणाची बाटली, पारदर्शक नळ्या आणि रबरी टोप्यांची एक पुडी. एकट्याने ब्लीडिंग (तेलाच्या लाइनमधली हवा काढणं) करायचा किट म्हणून ऑनलाइन मिळतो तो हा. पंप वाईट नाही. चाकाजवळच्या ब्रेक निपलवर (तेल-हवा बाहेर सोडायच्या पोकळ स्क्रूवर) लावला की तेल बदलायचं काम स्वच्छ करतो. पण फक्त हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चालणाऱ्या क्लचसाठी घेणार असाल तर थांबा. याच्यापेक्षा मेडिकलमध्ये मिळणारी ५० किंवा ६० मिलीची सिरिंज जास्त खात्रीने काम करते.

आधी पंपाबद्दल. नळी स्लेव्ह सिलिंडरच्या (गिअरबॉक्सजवळचा, क्लच ढकलणारा) निपलवर चढवायची, मीटरचा काटा १५ इंच (पाऱ्याच्या) व्हॅक्युमपर्यंत आणायचा, निपल पाव ते अर्धा आटा सैल करायचं आणि तेल बाटलीत येऊ द्यायचं. वरच्या टाकीवर डोळा ठेवायचा. ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. इथवर सोपं आहे. खरी डोकेदुखी नळीत दिसणाऱ्या बुडबुड्यांची. निपल सैल असताना त्याच्या आट्यांतून बाहेरची हवा खेचली जाते आणि लाइन पूर्ण साफ झाली तरी नळीत बुडबुड्यांची माळ थांबत नाही. माणूस अर्धा लिटर तेल ओततो आणि एअर अजून आहेच असं समजतो. आट्यांवर, टोकाच्या शंकूपासून दूर, टेफ्लॉन टेपचे दोन वेढे दिले की हा त्रास बराच कमी होतो.

दुसरी अडचण टेपने सुटत नाही. सिलिंडरमधल्या सीलची ओठासारखी कड आतल्या दाबाने बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) घट्ट बसते, तिची रचनाच तशी असते. पंप उलटं काम करतो, आतून खेचतो. सील थोडं झिजलेलं असेल तर कड सैल पडते आणि सिलिंडरच्या तोंडावरच्या रबरी बूटच्या बाजूने हवा आत शिरते. म्हणजे जी काढायची तीच आपण भरतो. काटा २० इंचांच्या पुढे नेऊ नका.

किटपेक्षा स्वस्त मिळणारी एकमार्गी वॉल्व्हची बाटली दर दोन वर्षांनी तेल बदलायला पुरते. नळी लावायची, निपल सैल करायचं, पेडल सावकाश दाबायचं-सोडायचं. मात्र लाइन उघडली असेल, स्लेव्ह किंवा मास्टर (पेडलजवळचा, तेल ढकलणारा सिलिंडर) बदलला असेल, तर ती कमी पडते. पाच अष्टमांश इंची, म्हणजे १५.८७ मिमी बोअरचा मास्टर ३० मिमी स्ट्रोकमध्ये जेमतेम ६ मिली तेल ढकलतो. लाइन फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ) वर चढते आणि पुन्हा खाली येते; हवा त्या उंचवट्यावर जाऊन बसते, तेल तिच्या खालून निघून जातं. पेडल भराभर मारलं तर एका मोठ्या बुडबुड्याचे शंभर बारीक बुडबुडे होतात आणि फेस खाली बसायला तासभर लागतो.

हवेला वर जायचं असतं, मग तिला वरच जाऊ द्यावं. सिरिंजचं सगळं गणित एवढंच. रायल्स ट्यूबने पेशंटला भरवायला वापरतात ती निमुळत्या जाड तोंडाची सिरिंज मागा. सुईच्या सिरिंजचं तोंड फार बारीक असतं. तिला ५ किंवा ६ मिमी आतल्या व्यासाची पारदर्शक नळी बसते, दोन्ही टोकांना केबल टाय आवळा.

पण थेट खालून ढकलायला जाऊ नका. स्लेव्ह सिलिंडर लाइनच्या तळाशी असतो, काळा गाळ तिथेच साचतो आणि खालून रेटलात तर तो मास्टरच्या बारीक भोकात जाऊन बसेल. आधी निपल उघडून जुनं तेल खाली वाहू द्या, स्वच्छ येईपर्यंत वरून थोडं थोडं नवं घाला. मग निपल बंद करा आणि टाकीतलं तेल दुसऱ्या सिरिंजने तळापर्यंत काढून घ्या, नाहीतर वर येणारं तेल काठावरून सांडेल. बऱ्याच गाड्यांत क्लचला वेगळी टाकी नसते, ब्रेकच्याच टाकीच्या बाजूला त्याची नळी असते. तिथे त्या नळीच्या तोंडापर्यंतच तेल काढा, ब्रेकच्या भागाला हात लावू नका.

आता सिरिंज भरा आणि नळीच्या टोकाला तेल दिसेपर्यंत दट्ट्या दाबा. नळी भरलेली असतानाच निपलवर चढवा. सिरिंजचं तोंड खाली धरा म्हणजे तिच्यातली हवा दट्ट्याकडे राहील. निपल अर्धा आटा सैल करून एकसारख्या दाबाने ढकला, ५० मिलीला अर्धा मिनिट लागला तरी चालेल. टाकीत आधी भसकन मोठे बुडबुडे फुटतात, मग बारीक, मग नुसतं तेल वर चढताना दिसतं. शेवटचे १० मिली सिरिंजमध्येच ठेवा आणि दट्ट्या दाबलेला असतानाच निपल आवळा. पाना रिंगचा किंवा फ्लेअर, बहुतेक ८, १० किंवा ११ मिमी. फिक्स पान्याने निपल गोल होतं आणि स्लेव्ह काढायची वेळ येते. आवळताना मनगटाचा जोर पुरे. काही गाड्यांत आट्यांचं निपल नसतं, प्लास्टिकच्या जोडात क्लिप असते. तिथे त्या गाडीचं मॅन्युअल बघूनच हात घाला.

तेल डॉट ४, सीलबंद बाटलीतलं. कोरडं असताना ते किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा शोषलेलं १५५ लाही, म्हणून वर्षभर उघडी राहिलेली बाटली वापरू नये. २५० मिली पुरतं, हात बसलेला नसेल तर ५०० घ्या. इंजिन ऑइल किंवा गिअर ऑइलचा थेंबही लाइनमध्ये गेला तर रबर फुगतं. मॅगुरा कंपनीचा क्लच असलेल्या काही केटीएम बाइकमध्ये उलट मिनरल ऑइलच लागतं, तिथे डॉट ४ घातलं तर सील गेलं. झाकणावर छापलेलं असतं, तेवढं वाचा. डॉट ४ रंग खातं, सांडलं की लगेच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यांवर चष्मा हवाच, नळी निसटली तर फवारा तोंडावर येतो.

सिरिंजची उणीव म्हणजे एक-दोन वापरांत दट्ट्याचं रबर जड होतं आणि झटके देऊ लागतं. ती फेकून नवी घ्या. आणि स्लेव्ह गिअरबॉक्सवरून सुटा असताना पेडल अजिबात दाबू नका, पिस्टन बाहेर उडेल.

काम झाल्यावर इंजिन चालू करून पेडल पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. खरखर न होता पडला तर एअर निघाली. दोनदा पेडल मारल्यावरच पडत असेल तर अजून हवा आहे. सिग्नलला दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली बसत असेल तर मास्टरचं आतलं सील गेलंय; तिथे ना पंप चालेल ना सिरिंज. टाकीतली पातळी उतरत असेल तर स्लेव्हचा बूट उचलून आत ओलं आहे का बघा. स्लेव्ह बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) आत असेल तर तेल हाउसिंगच्या तळातून ठिबकतं आणि मग गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

पुशरॉडला (पेडल आणि मास्टरमधल्या दांडीला) किंचित मोकळा खेळ हवा, तोही तपासा. तो नसेल तर मास्टरचं परतीचं भोक झाकलेलंच राहतं, तेल तापलं की लाइनमध्ये दाब धरून राहतो आणि चढावर क्लच घसरू लागतो.