चांदीचे पेले घ्यायचे, तर टंच, स्टर्लिंग की मुलामा?

शेतातल्या घरी पाहुण्यांसाठी हातानं घडवलेला पेले, शेकर (पेयं हलवून मिसळायचं झाकणाचं भांडं), बर्फाची बादली असा संच घ्यायचं मनात असेल, तर समोर तीन पर्याय येतात. पहिला 99 टंचाच्या, म्हणजे 99 टक्के शुद्धतेच्या, आसपासची चांदी, जी आपल्याकडचा सोनार आधी दाखवतो. दुसरा स्टर्लिंग: 92.5 टक्के चांदी, बाकी बहुतेक तांबं. तिसरा मुलाम्याचा माल, वर चांदीचा पातळ थर, आत पितळ नाहीतर जर्मन सिल्व्हर. नावात सिल्व्हर असलं तरी त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी अजिबात नाही. (वर्धा, गडचिरोलीत दारूबंदी आहे, तिथल्यांनी पेल्यात पन्हं समजून वाचावं.)

"नव्याण्णव भेटते तं मिसळ काहून घेता?" असं कोणीतरी म्हणणारच. नाण्याला, देवाच्या टाकाला ते बरोबर आहे. पण शुद्ध चांदी मऊ असते. पेल्याचा पातळ काठ दाबानं वाकतो, शेकरचं झाकण वापरून सैल पडतं. तांब्यामुळे स्टर्लिंगला ताठपणा येतो, म्हणून रोज हाताळायच्या भांड्याला मी तीच घेईन. मोडीत मात्र 99 वरचढ: 100 ग्रॅमच्या स्टर्लिंग पेल्यात चांदी 92.5 ग्रॅमच भरते. घडणावळ तर दोन्हीकडे गेलीच. खामगावच्या चांदी बाजारात घ्या की गावच्या सोनाराकडे, पावतीवर वजन, शुद्धता, मजुरी वेगवेगळी लिहून घ्या आणि 925 चा हॉलमार्क मागा. चांदीला तो सोन्यासारखा सक्तीचा नाही. न मागता मिळेलच असं नाही.

मुलाम्याचा संच आहेरात द्यायला ठीक. रोज घासला की काठाशी आतला धातू डोकावतो, आणि मोडीला किंमत जवळपास नाहीच.

आता आपल्या उन्हाळ्याचं बघा. धातूंमध्ये सगळ्यात लवकर उष्णता वाहून नेते ती चांदी. पेला झटकन गार होतो, तसाच बाहेरून घामेजतोही. एकेरी पत्र्याच्या चांदीच्या बादलीत 45 अंशांना बर्फ किती टिकणार? बादली दुहेरी भिंतीची स्टीलची घ्या आणि वाचलेल्या पैशांत दोन पेले जास्त.

चांदी काळी पडते ती गंधकामुळे. तांब्यामुळे स्टर्लिंग थोडी लवकर काळवंडते. फवारणीचं गंधक, कांदे, अंडी, लोकर, रबर बँड यांच्याजवळ ती ठेवू नका. वर्तमानपत्रातही गुंडाळू नका, धुतलेलं जुनं सुती धोतर उत्तम. लिंबू-मीठ लागलेला पेला रात्रभर तसाच ठेवलात तर मिठानं बारीक खड्डे पडतात. ते घासून जात नाहीत. लगेच धुवा, कोरडा पुसा. धुण्याला रिठ्याचं पाणी पुरतं. राख आणि टूथपेस्टनं चरे उठतात. फार काळवंडलं तर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी: यात काळा थर पुन्हा चांदीत बदलतो, धातू झिजत नाही. नक्षी मुद्दाम काळी करून उठवली असेल तर मात्र हा उपाय टाळा, ती काळी रेघही जाईल. मुलाम्यावर तर पॉलिशही बेतानंच, प्रत्येक घासणीत थर पातळ होतो.

पोचा पडला तर भरीव चांदीचा पेला, 99 चा असो की स्टर्लिंगचा, सोनार ठोकून सरळ करून देतो. मुलाम्याच्या पेल्याला नंतर पुन्हा मुलामा चढवावा लागू शकतो, आणि स्वस्त संचाला तो खर्च परवडत नाही.