टिपा शेवटी ढकललेली पुस्तकं: नऊ महिन्यांच्या वाचनानंतर

ॲडम स्मिथचा अर्थशास्त्रावरचा ग्रंथ, 'वेल्थ ऑफ नेशन्स', सातव्या महिन्यात मोडला. रात्री पाचव्या भागातलं एक पान वाचत होतो, टीप पाहायला शेवटाकडे गेलो आणि पाठीचा डिंक सुटला. एका हातात ॲडम स्मिथ, दुसऱ्या हातात संपादकाच्या टिपा. मजकूर संपून टिपा जिथे सुरू होतात, नेमकं तिथेच पुस्तक उलगडलं होतं. रोज वीस-वीस वेळा मी त्याच जागी बोट घालून ते वाकवत होतो, दुसरं काय होणार!

विक्रेत्याला फोटो पाठवले. परताव्याची मुदत केव्हाच उलटली, असं उत्तर आलं. प्रकाशकाला लिहिलं, तर 'वापरामुळे झालेली झीज' म्हणून त्यांनी हात वर केले. मी पुन्हा लिहिलं की एवढा जाड ग्रंथ तुम्ही शिलाई न घालता नुसत्या डिंकावर बांधता आणि टिपा शेवटी टाकता, म्हणजे वाचकाने तो सतत पुढे-मागे करायचा हे तुम्हीच ठरवलेलं असतं. मग तेवढ्या वापराला तो टिकायला नको? त्यावर उत्तर आलं नाही. नावं देत नाही, कारण असं करणारे एकटेदुकटे नाहीत. पण राग आहे तसाच आहे. मी वर्षाला मोजकी पुस्तकं विकत घेतो आणि इतिहासाचं किंवा अर्थशास्त्राचं पुस्तक निदान दहा वर्षं हाताशी राहील या हिशोबाने घेतो.

तर या नऊ महिन्यांत जी वाचली त्यांतली कोणती विकत घ्यावीत आणि कोणती ग्रंथालयातून आणून भागतं, ते सांगतो. कुठल्या पुस्तकात काय आहे याची कल्पना बहुतेकांना असते. रोजच्या वाचनात ते कसं वागतं याबद्दल मात्र फारसं कुणी लिहीत नाही.

स्मिथ घ्याच. बहुतेकांचं वाचन टाचण्यांच्या कारखान्यापाशी थांबतं: दहा माणसं काम वाटून घेतात आणि दिवसाला ४८,००० हून जास्त टाचण्या होतात. पण तोच स्मिथ पाचव्या भागात लिहितो की आयुष्यभर दोन-चार साध्या क्रिया करत राहिलेल्या माणसाची बुद्धी गंजत जाते, आणि म्हणून सामान्य लोकांच्या शिक्षणाकडे सरकारने लक्ष द्यायला हवं. या दोन जागा एकापाठोपाठ वाचा. पहिल्या भागाची सुरुवातीची तीन प्रकरणं झाली की मधलं चांदीच्या किमतीचं लांबलचक विषयांतर पहिल्या खेपेला सोडलं तरी चालेल. ज्यावरून एवढे वाद होतात तो 'अदृश्य हात' अख्ख्या ग्रंथात एकदाच येतो, चौथ्या भागात, तोही ओझरता. आवृत्ती निवडायची तर एडविन कॅनन यांनी १९०४ मध्ये संपादित केलेली निवडा. तिच्यात टिपा पानाच्या तळाशी आहेत आणि मजकूर पुढे सरकतो तसा त्याचा सारांश समासात दिलेला आहे. मी थोडे पैसे वाचवायला दुसरी घेतली आणि ती मोडली.

आता टिपांबद्दल थोडं लांबण लावतो, कारण वाचताना माझा सगळ्यात जास्त वेळ यातच गेला. ही तक्रार किती जुनी आहे ते मला इंग्रज इतिहासकार गिबनमुळे कळलं. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरच्या त्याच्या इतिहासाचा पहिला खंड फेब्रुवारी १७७६ मध्ये आला, आणि महिनाभरात त्याच प्रकाशकांनी, स्ट्राहान आणि कॅडेल यांनी, स्मिथचा ग्रंथ काढला. गिबनच्या त्या खंडात टिपा शेवटी होत्या. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम तेव्हा आजारी होता, ऑगस्टमध्ये तो गेलाच. तरी एप्रिलमध्ये त्याने स्ट्राहानला पत्र लिहून गिबनची स्तुती केली आणि टिपांवर मात्र वैताग काढला. टिपेचा आकडा दिसला की खंडाच्या टोकाला जायचं आणि तिथे बऱ्याचदा नुसतं आधारग्रंथाचं नाव सापडतं. हे आधार समासात किंवा पानाच्या तळाशी छापायला हवेत, असं त्याचं म्हणणं. पुढच्या आवृत्त्यांत टिपा खरंच तळाशी आल्या. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. अडीचशे वर्षांपूर्वी तोडगा निघालेला आहे आणि आजचे प्रकाशक पुन्हा टिपा उचलून मागे नेत आहेत!

मोठ्या वाचकवर्गाला तळटिपा पाहून भीती वाटते, असं त्याचं कारण दिलं जातं. मला ते पटत नाही. ज्याला नको असेल तो तळाकडे पाहत नाही. ज्याला हवी असेल त्याला मात्र दोन बोटं दोन ठिकाणी अडकवून वाचावं लागतं. त्यातही काही पुस्तकांत टिपांच्या पानांवर वर फक्त 'प्रकरण ७ च्या टिपा' एवढंच छापलेलं असतं आणि मजकुराच्या पानांवर प्रकरणाचा क्रमांकच नसतो. म्हणजे आधी आपण कितव्या प्रकरणात आहोत ते शोधा, मग टीप शोधा. टिपांच्या पानांच्या माथ्यावर 'पृष्ठ २१० ते २२४' एवढं छापलं तरी निम्मा त्रास वाचतो.

इथवरचं माझं मत पुस्तक मोडायच्या आधीचं आहे. नंतर ते थोडं हललं.

मोडल्यावर मी पुस्तक तसंच वाचत राहिलो. डावीकडे स्मिथ उघडा, उजवीकडे टिपांचा सुटा गठ्ठा उघडा. दोन दिवसांत लक्षात आलं की इतकं सोपं वाचन त्या पुस्तकाचं मी आधी कधी केलंच नव्हतं. बोट अडकवायला नको, पान हरवायला नको, आणि टीप अर्धा पानभर असली तरी मूळ मजकूर समोरच. मग गिबनच्या आत्मचरित्रातली एक नोंद आठवली. लोकांच्या आग्रहाला मान देऊन टिपा पानाच्या तळाशी नेल्या, पण त्याचा आपल्याला अनेकदा पश्चात्ताप झाला, असं तो लिहितो. स्वित्झर्लंडमधल्या बाझलला छापलेल्या चौदा खंडांच्या आवृत्तीत सगळ्या टिपा शेवटच्या दोन खंडांत आहेत, हेही तो तिथेच सांगतो. म्हणजे माझ्याकडे अपघाताने जी सोय झाली ती तिथे मुद्दाम केलेली होती.

तेव्हा सुधारलेलं मत असं: नुसता आधार सांगणारी टीप पानाच्या तळाशीच हवी, ह्यूमची तक्रार खरं तर तेवढ्यापुरतीच होती. जिच्यात वेगळा युक्तिवाद आहे अशी लांब टीप स्वतंत्र पुस्तिकेत दिली तरी चालेल, किंबहुना बरी. एकाच बांधणीत मजकुराच्या मागे दोन्ही प्रकार कोंबणं मात्र वाईट.

फ्रेंच अर्थतज्ज्ञ पिकेटीचं विषमतेवरचं 'कॅपिटल इन द ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी' या कसोटीवर अर्धं उतरतं. टिपा मागेच आहेत. पण आकडेवारी, तक्ते आणि ते कसे बनवले याचं तांत्रिक परिशिष्ट त्याने सगळ्यांसाठी इंटरनेटवर मोकळं ठेवलं. इंग्रजी अनुवाद २०१४ मध्ये आला आणि त्याच वर्षी 'फायनान्शियल टाइम्स'च्या ख्रिस जाइल्स यांनी त्यातल्या आकड्यांवर जाहीर आक्षेप घेतले, ते या तक्त्यांमध्ये शिरूनच. पिकेटीने सविस्तर उत्तर दिलं. दोन्ही बाजू वाचून मला पिकेटीचा मुख्य धागा टिकला असं वाटलं, पण माझा विश्वास बसला तो त्याने स्वतःला तपासू दिलं म्हणून. भांडवलावरचा परतावा आर्थिक वाढीपेक्षा जास्त राहिला तर विषमता वाढत जाते, हे सूत्र तुम्हाला माहीत असेलच. फ्रेंच लेखक बाल्झाकच्या कादंबरीतला व्होत्रँ तरुण रास्तिन्याकला वकिली करण्यापेक्षा श्रीमंत घरात लग्न कर असं समजावतो, ते पिकेटीने ज्या प्रकरणात सांगितलंय ते आधी वाचा आणि मग सूत्राकडे या. ग्रंथालयातून आणलंत तरी पुरे, परिशिष्ट तसंही घरबसल्या वाचता येतं.

अमर्त्य सेन यांचं 'पॉव्हर्टी अँड फेमिन्स' मात्र विकत घ्या. १९८१ चं पुस्तक, अंगाने बारीक, आणि टिपा जिथल्या तिथे, पानाच्या तळाशी. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावरचं सहावं प्रकरण मी चार वेळा वाचलं. त्या वर्षीचा धान्यपुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा साधारण ५ टक्केच कमी होता आणि १९४१ पेक्षा तर १३ टक्के जास्त, आणि १९४१ मध्ये दुष्काळ नव्हता. मग माणसं का मेली? सेन एकेका पेशाकडे वळतात: शेतमजूर, कोळी, न्हावी. धान्य होतं, पण युद्धकाळात भाव चढले आणि या लोकांच्या मजुरीला किंवा मालाला त्या भावात धान्य मिळेना. १९४५ च्या चौकशी आयोगाने बळींची संख्या १५ लाख धरली होती. सेन शेवटच्या परिशिष्टात ती तपासतात आणि ३० लाखांच्या आसपास पोहोचतात. पहिल्या वाचनात मी परिशिष्टं सोडली होती. ही चूक करू नका. तिथे आकडे कसे मिळवले ते पायरी-पायरीने मांडलेलं आहे, आणि त्या प्रत्येक आकड्याखाली माणसं आहेत.

डॉ. आंबेडकरांचं 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या यादीत येईल असं मला सुरुवातीला वाटलं नव्हतं. १९२३ चं पुस्तक, प्रस्तावना त्याच एडविन कॅनन यांची, ते लंडनमधले आंबेडकरांचे प्राध्यापक. त्या प्रस्तावनेत कॅनन आपले मतभेदही सांगतात, म्हणून ती वगळू नका. आधी केन्सचं १९१३ चं 'इंडियन करन्सी अँड फायनान्स' चाळा. सोन्याची नाणी चलनात नसली तरी सुवर्ण-विनिमय पद्धतीवर, म्हणजे परदेशी देण्यांसाठी रुपयाचा सोन्यातला दर ठरवून दिला की, रुपया नीट चालतो, अशी त्याची बाजू. आंबेडकर त्याच मुद्द्यावर त्याला गाठतात: सरकारच्या हातात रुपये पाडण्याची मोकळीक राहिली तर भाव स्थिर राहणार नाहीत. लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणं टांकसाळींनी १८९३ मध्ये का बंद केलं, त्याआधी वीस वर्षं चांदी कशी घसरत होती, सगळं तक्त्यांसकट. पहिली शंभर पानं जड जातात. तिथे थांबू नका, वाद पुढे रंगतो.

मानसशास्त्रज्ञ कानमनचं 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' मी आधी सगळ्यांना सुचवत असे, आता अट घालून सुचवतो. नकळत दिलेल्या इशाऱ्यांनी वागणं बदलतं, हे सांगणाऱ्या प्रकरणातल्या प्रयोगांवर आपण नको इतका विश्वास ठेवला, असं खुद्द कानमन यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे मान्य केलं. २०११ च्या छापील प्रतीत ते कुठून दिसणार? माझ्या प्रतीत त्या प्रकरणाच्या सुरुवातीला मी पेन्सिलीने नोंद केली आहे. तुम्हीही करा.

ई-रीडरवरही यांतली दोन वाचली. टिपेच्या आकड्यावर बोट ठेवलं की टीप तिथेच उघडते. ह्यूमला हवं होतं ते इथे मिळतं, हे कबूल करायला हवं. पण तक्ते स्क्रीनवर तुटतात आणि नकाशे वाचता येत नाहीत, आणि शेवटच्या सूचीत छापील पानांचे आकडे तसेच राहतात, जे तिथे कशालाच जुळत नाहीत. इतिहास अजून चालतो, अर्थशास्त्र नाही.

फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉकचं 'द हिस्टोरियन्स क्राफ्ट' हातात घेतलं तेव्हा मी टिपा किती आहेत हे पाहून पुस्तकांना गुण द्यायच्या सवयीत होतो. यात त्या अगदी थोड्या. १९४१-४२ च्या सुमारास, युद्धाच्या धामधुमीत आणि स्वतःची पुस्तकं गमावलेल्या अवस्थेत त्याने हे लिहायला घेतलं. ते अपुरंच राहिलं. १६ जून १९४४ रोजी जर्मनांनी त्याला गोळ्या घातल्या, आणि १९४९ मध्ये त्याचे सहकारी इतिहासकार ल्यूसियाँ फेव्हर यांनी ते छापलं. संदर्भ तपासायला जवळ काही नसलेला हा माणूस याच पुस्तकात तळटिपांची बाजू घेतो. पानाखालच्या त्या ओळीने डोकं भणभणतं म्हणणारे वाचक आणि त्या ओळीमुळे गिऱ्हाइकांना यातना होतात म्हणणारे प्रकाशक, दोघांनाही तो खडसावतो. पडताळून पाहता येईल असंच विधान करावं आणि ते कुठून घेतलं ते सांगावं, हा साधा प्रामाणिकपणा आहे, असं त्याचं म्हणणं. ती पानं वाचून मी बराच वेळ पुढे गेलो नाही. टिपा मोजून गुण देणं त्या दिवसापासून बंद केलं. आता लेखकाला आपण तपासले जावं असं वाटतं का, एवढंच पाहतो. हे पुस्तक शक्य असेल तर शिलाई बांधणीचं मिळवा. इतर सगळी परत केली तरी हे मी ठेवेन.

स्मिथच्या टिपांच्या गठ्ठ्याला मी जाड कागदाचं वेष्टण घालून दोऱ्याने टाके घातले आहेत. मूळ मजकुराचा भाग बाइंडरकडे दिला आहे. दोन्ही परत एकत्र जोडून देऊ का, असं त्यांनी विचारलं. नको म्हटलं, वेगळंच बांधा.