आयईएलटीएसच्या लेखनाचा सराव : ॲप, वही आणि सर यांचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

घाई असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकते. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, त्यातला जनरल ट्रेनिंग हा परदेशी स्थायिक व्हायला जाणाऱ्यांचा प्रकार. त्याच्या लेखनासाठी मी तीन गोष्टी वापरल्या: निबंध तपासून देणारं पैसे भरायचं एक ॲप, फुलस्केप वही आणि सांगलीच्या गावभागातले एक निवृत्त इंग्रजीचे सर. पहिल्या परीक्षेत लेखनात नऊपैकी साडेसहा पडले होते, या वेळी सात. श्रेय वाटायचं झालं तर सर आणि वही मिळून बारा आणे, ॲपला चार आणे. पण ते चार आणेही फुकट गेले नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते.

मी मिरजेत लॅब टेक्निशियन आहे, शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून. कॅनडात स्थायिक व्हायच्या एक्स्प्रेस एंट्री योजनेसाठी सीएलबी (भाषा किती येते ते मोजायची कॅनडाची पट्टी) ९ हवं होतं, म्हणजे ऐकण्यात आठ आणि वाचन, लेखन, बोलणं यांत प्रत्येकी सात. आमच्याकडे बहुतेकांची गाडी लेखनातच अडते. ऐकणं-वाचणं सरावाने वर येतं, उत्तरं ताडून बघता येतात. लेखनात आपलं आपल्याला कळतच नाही की सहाचं लिहिलंय की सातचं.

ज्यांना स्वरूप माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एका तासात दोन कामं. पहिलं पत्र, किमान १५० शब्दांचं. दुसरा निबंध, किमान २५० शब्दांचा. पत्राला २० मिनिटं आणि निबंधाला ४० असं सुचवलेलं असतं, आणि निबंधाचं वजन पत्राच्या दुप्पट. तपासताना चार गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या: विचारलंय त्याचं उत्तर दिलं का, मांडणी सलग आहे का, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. प्रत्येकाला पाव वाटा. क्लासवाले शेवटच्या दोनवर जीव काढतात आणि पहिल्या दोनकडे बघतही नाहीत, ही माझी मुख्य तक्रार आहे. अवघड शब्दांच्या याद्या वाटल्या की शिकवल्यासारखं दिसतं ना!

आता ॲप. निबंध टाइप करून टाकला की अर्ध्या मिनिटात बँड (म्हणजे नऊपैकी गुण), चुकांवर लाल रेघा आणि खाली ‘सुधारित’ निबंध. व्याकरणाच्या बाबतीत ते खरंच चांगलं आहे. ‘अ’ आणि ‘द’ हा आपला कायमचा दुखरा भाग, मराठीत तशी भानगडच नाही. ‘डिस्कस अबाउट’, ‘सिन्स थ्री इयर्स’, ‘आय ॲम हॅविंग’ हेही ते सोडत नाही. नाईट ड्युटीवरून येऊन सकाळी निबंध टाकला तरी ते कंटाळत नाही, तोंड वाकडं करत नाही. पहिल्या दोन महिन्यांत माझ्या आर्टिकलच्या चुका निम्म्याने तरी कमी झाल्या असतील, ते श्रेय त्याचंच.

बँडच्या बाबतीत मात्र त्याच्यावर काडीचा विश्वास ठेवू नका. तोच निबंध, एक स्वल्पविराम न हलवता, सकाळी टाकला तर साडेसहा आणि संध्याकाळी टाकला तर साडेसात. एकदा मुद्दाम प्रश्न बदलून बघितला. निबंध घरून काम करण्याबद्दल होता आणि वरती प्रश्न टाकला शाळेतल्या गणवेशाचा. तरी सात दिले आणि ‘विषयाला चांगला न्याय’ असा शेरा! खऱ्या परीक्षेत विषय सोडून लिहिलं तर भाषा कितीही गुळगुळीत असली तरी गुण जातात.

दुसरी खोड त्याहून वाईट. पूरग्रस्त भागातल्या लोकांना सरकारने दुसरीकडे हलवावं का, असा निबंध होता. मी सांगलीचाच दाखला दिला: ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि तरीही पाणी ओसरल्यावर लोक त्याच घरांत परतले, कारण दुकान, शेत, म्हशी सगळं तिथेच. ॲपने ‘सुधारून’ काय दिलं? ‘नदीकाठच्या अनेक भागांत वारंवार पूर येतात आणि रहिवाशांना असंख्य आव्हानांना सामोरं जावं लागतं.’ पूल गेला, म्हशी गेल्या, माझा मुद्दाही गेला. उरलं ते कुणीही कुठेही लिहावं असं वाक्य. वर ‘प्लेथोरा’ नावाचा शब्द घुसवून दिला, जो मी आयुष्यात बोललेले नाही.

सरांकडे गेले ती याच निबंधाच्या दोन्ही प्रती घेऊन. फी विचारली तर म्हणाले, येताना भडंग आण. दोन्ही वाचले, ॲपची प्रत बाजूला सारली आणि माझ्या प्रतीवर तिसऱ्या परिच्छेदाशी पेन टेकवून विचारलं, ‘अगं, हे सगळं खरं आहे. पण हलवावं का नाही? तुझं मत कुठाय?’ मत शेवटच्या ओळीत होतं. त्यांनी मला बँडचे जाहीर निकष छापून आणायला लावले, ते कुणालाही मोफत मिळतात. त्यात सातच्या रांगेत सरळ लिहिलंय की भूमिका स्पष्ट आणि नीट फुलवलेली हवी. शाळेत आपल्याला निबंध म्हणजे सुरुवातीला सुभाषित, मध्ये फायदे-तोटे आणि शेवटी ‘अशा प्रकारे’ एवढंच शिकवलेलं. इथे पहिल्याच परिच्छेदात बाजू घ्यायची आणि प्रत्येक परिच्छेदाने तीच बाजू पुढे न्यायची. दोन्ही मतं मांडा म्हटलं असेल तरी स्वतःचं मत विचारलेलं असेल तर ते सुरुवातीपासून दिसायला हवं.

दाखल्यांबाबत सरांचा एक नियम मला फार उपयोगी पडला. परीक्षकाला सांगली कुठे आहे ते माहीत नाही असं धरून चालायचं. दाखला दोन-तीन वाक्यांत: काय झालं, आणि त्यातून माझा मुद्दा कसा सिद्ध होतो. सरकारने कलेवर पैसा खर्च करावा की नाही, या निबंधात मी लिहिलं की १८४३ साली सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी पहिलं मराठी नाटक रंगभूमीवर आणलं, आणि त्या आधारावर पुढे पोटापाण्याचा एक अख्खा व्यवसाय उभा राहिला. सर खूश. म्हणाले, आता ‘व्यवसाय उभा राहिला’ याच्यावर आणखी एक वाक्य लिही, तिथेच गुण आहेत. हळदीचा बाजार, साखर कारखाने, द्राक्षबागा, आपल्या आजूबाजूला इतका माल पडलाय आणि आपण निबंधात लंडन-न्यूयॉर्कचे दाखले देत बसतो.

पत्राकडे सगळे दुर्लक्ष करतात, मीही फार वेळ देणार नव्हते, पण माझं सगळ्यात जास्त डोकं फिरवलं ते पत्रानेच. प्रश्नात तीन मुद्दे दिलेले असतात आणि तिन्हींना उत्तर द्यावं लागतं. सराव पत्र असं होतं: तुमची बॅग बसमध्ये राहिली, कंपनीला लिहा. प्रवासाची माहिती द्या, बॅगेचं वर्णन करा, त्यांनी काय करावं ते सांगा. माझं पत्र वाचून सरांनी समासात तीन आकडे लिहिले: ९५, ५२, ९. प्रत्येक मुद्द्याला किती शब्द दिले त्याचा हिशोब. आत्याकडे साताऱ्याला कशासाठी निघाले होते, गाडी स्वारगेटवरून किती उशिरा सुटली, यावर ९५ शब्द. आणि कंपनीने काय करावं, तर ‘प्लीज डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट, सर’. सर म्हणाले, ‘नीडफुल म्हणजे नक्की काय? त्या माणसाने खुर्चीतून उठून काय करायचं?’ दुसऱ्या खर्ड्यात मी लिहिलं: शेवटच्या थांब्यावरच्या कर्मचाऱ्यांना विचारा, बॅग सापडली तर मिरज डेपोत ठेवा, मला फोन करा, मी शनिवारी येऊन ओळखपत्र दाखवून घेऊन जाईन. इंग्रजी तितकंच साधं, पण पत्राला हातपाय आले.

बोर्डाच्या सवयी इथे सोडाव्या लागतात. पत्ता, तारीख, विषय काही नको, पत्ता लिहायची गरज नाही असं प्रश्नातच सांगितलेलं असतं. नाव माहीत नसेल तर ‘डिअर सर ऑर मॅडम’ आणि शेवटी ‘युअर्स फेथफुली’. आडनाव माहीत असेल तर ‘युअर्स सिन्सिअरली’. एवढं पाठ झालं की औपचारिक पत्र सोपं. अवघड जातं ते मैत्रिणीला लिहायचं पत्र. आपलं इंग्रजी शाळेत आणि ऑफिसात शिकलेलं, त्यामुळे मैत्रिणीला लिहिलेलं पत्रसुद्धा बँकेच्या नोटिशीसारखं वाटतं. सरांनी उपाय सांगितला: आधी मावसबहिणीला व्हॉट्सॲपवर हेच मराठीत कसं लिहिशील ते बोलून दाखव, मग तोच सूर पूर्ण वाक्यांत इंग्रजीत आण. अशा पत्रात ‘आय ॲम’ऐवजी ‘आयम’ चालतं, उलट तेच शोभतं.

आता वहीचं सांगते, कारण सगळ्यात जास्त फरक वहीने पडला. तपासलेला निबंध बाजूला ठेवायचा आणि आठवड्याभराने, दुरुस्त्या न बघता, तोच विषय घड्याळ लावून पुन्हा लिहायचा. मग दोन्ही शेजारी ठेवायचे. हे करायला अतिशय कंटाळवाणं आहे. नवीन विषय घेतला की पुढे गेल्यासारखं वाटतं, जुना घेतला की नापास झाल्यासारखं. पण दोन प्रती शेजारी आल्या की कळतं, लाल पेनने दाखवलेली चूक समजणं वेगळं आणि घाईत ती हातून न होणं वेगळं. माझ्या पहिल्या फेरलेखनांत जवळजवळ त्याच चुका त्याच जागी होत्या. तिसऱ्या खेपेला जाऊन परिच्छेदाचं पहिलं वाक्य आपोआप मुद्द्याचं यायला लागलं. ॲप याच्या बरोबर उलट वागतं. रोज नवा विषय, सलग किती दिवस लिहिलं त्याची ज्योत, आणि जुना निबंध शोधायला गेलं तर चार पडद्यांच्या खाली गाडलेला. त्यांना तुमची रोजची हजेरी हवी असते, तुम्हाला बँड हवा असतो.

परीक्षा पुण्यात कॉम्प्युटरवर दिली, त्यामुळे एक वेगळी तयारी लागली. पडद्यावर शब्दसंख्या दिसते हे मोठं सुख, वहीत ओळी मोजत बसावं लागतं. पण स्पेलिंग तपासणारं काही नसतं, आणि आपल्याला मोबाइलने इतकं लाडावलंय की ‘गव्हर्नमेंट’मधला ‘एन’ कुठे येतो ते बोटांना आठवत नाही. म्हणून शेवटचा महिना स्पेलिंग तपासणी बंद करून लॅपटॉपवर लिहिलं. ब्रिटिश स्पेलिंग की अमेरिकन, याची काळजी नको, दोन्ही चालतात. एका उत्तरात दोन्हींची खिचडी नको इतकंच. टाइपिंग हळू असेल तर विषय सुचवणारे व्हिडिओ बघण्यापेक्षा टाइपिंग शिका. क्रमाचं म्हणाल तर मी पत्र आधी लिहिते आणि अठराव्या मिनिटाला सोडते, मग ते कसंही असो. निबंधाला पहिली पाच मिनिटं फक्त खर्डा: बाजू कोणती, दोन मुद्दे, दोन दाखले.

तयार साचे विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. आमच्या ओळखीच्या एका क्लासमध्ये सगळ्या बॅचला एकच प्रस्तावना पाठ करून घेतात, नुसता विषय भरायचा. परीक्षकांनी अशा प्रस्तावना हजारो वाचलेल्या असतात आणि पाठ केलेला मजकूर ओळखायचं त्यांना शिकवलेलंच असतं.

घ्यावं की नाही? ज्यांना लेखनात सहा पुरेसे आहेत, म्हणजे सीएलबी ७, आणि व्याकरण कच्चं आहे, त्यांनी ॲप दोन महिने घ्यावं. वर्षाचं एकदम घेऊ नका, सवलतीचा आकडा कितीही मोठा दाखवला तरी. त्याचा बँड झाकून ठेवा, फक्त लाल रेघा बघा आणि ‘सुधारित’ निबंध उघडूच नका. ज्यांना सात हवेत त्यांनी वाचणारा माणूस शोधावा. तो आयईएलटीएसचा तज्ज्ञ नसला तरी चालेल. सांगली-मिरजेत निवृत्त इंग्रजी शिक्षकांना तोटा नाही. त्यांच्या हातात निकषांचा छापील कागद द्या आणि समासात शब्दांचे आकडे लिहायला सांगा. माझं सबस्क्रिप्शन मी परीक्षेच्या आधीच बंद केलं. लेखनाची वही सध्या मावसभावाकडे आहे. त्याला आयर्लंडला नर्सिंगला जायचंय, तो ओईटी, म्हणजे डॉक्टर-नर्स अशांसाठीची इंग्रजीची परीक्षा, देतोय. त्यात डॉक्टरला किंवा दुसऱ्या नर्सला पेशंटबद्दल पत्र लिहावं लागतं, ४५ मिनिटांत, त्यातली पहिली पाच नुसती वाचायची. निबंध नाहीच. तरी समासातल्या आकड्यांची युक्ती त्यालाही लागू पडतेय म्हणे.