पिकअपला मेण लावावे की सीलंट: कोकणातल्या मालकासाठी तुलनात्मक आढावा

आंब्याचा हंगाम मे महिन्याच्या अखेरीस आटोपतो आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस धरतो. रत्नागिरीकडच्या पिकअप-मालकाला पत्र्याची नीट देखभाल करायला मधले हे आठ-दहा दिवसच काय ते मिळतात. याच दिवसांत दरवर्षी प्रश्न पडतो, की गाडीला पारंपरिक कार्नौबा मेण लावावे, कृत्रिम पॉलिमरचे सीलंट लावावे, की हल्ली सगळीकडे मिळणारा सिरॅमिक स्प्रे मारून मोकळे व्हावे. दुकानात या तिन्हींना सरसकट ‘पॉलिश’ म्हणतात आणि घोटाळ्याची सुरुवात तेथूनच होते. पॉलिश म्हणजे रंगाचा वरचा थर किंचित घासून सपाट करणे, तर मेण किंवा सीलंट म्हणजे त्या थरावर आणखी एक पातळ थर चढवणे. कारखान्यातून येणाऱ्या गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर साधारणपणे ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. तो दरवर्षी हौसेने घासत राहिल्यास परत मिळत नाही.

कार्नौबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे मेण आहे. शुद्ध स्वरूपात ते इतके कडक असते की हाताने पसरवता येत नाही, म्हणून डब्यातल्या मिश्रणात द्रावके, तेले आणि इतर मेणेही घातलेली असतात. शुद्ध कार्नौबा ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळत असले, तरी हे मिश्रण त्याहून मऊ असते, आणि भर उन्हात तापणाऱ्या बोनेटवर त्याचा थर लवकर झिजतो. सीलंटमधले पॉलिमर प्रयोगशाळेत घडवलेले असतात. ते पृष्ठभागाला अधिक घट्ट धरतात, उष्णतेला आणि शाम्पूला अधिक काळ तोंड देतात, मात्र त्यांना पक्के होण्यासाठी काही तास, काही उत्पादनांना तर पूर्ण दिवस, कोरडे ठेवावे लागते.

दोघांमधला फरक पुस्तकी राहू नये म्हणून मी गेल्या मे महिन्यात आमच्या पांढऱ्या मालवाहू पिकअपच्या बोनेटवर मधोमध मास्किंग टेप लावून डाव्या अर्ध्यावर मेण आणि उजव्या अर्ध्यावर सीलंट लावले. पहिले सहा आठवडे दोन्हीकडे पाण्याचे टपोरे थेंब उभे राहत होते आणि कोणती बाजू कोणती, हे मलाही टेपची जागा आठवूनच सांगावे लागे. जुलैच्या अखेरीस डावीकडचे पाणी थेंबांऐवजी ओघळून पसरू लागले आणि लाल मातीचा राप पुसताना जास्त जोर लागू लागला. उजवी बाजू नवरात्रापर्यंत बऱ्यापैकी टिकली. एका गाडीवरच्या एका पावसाळ्यावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मान्य. पण मेण दीड-दोन महिने आणि सीलंट चार ते सहा महिने, असा जो ढोबळ हिशेब या कामातली माणसे सांगतात, त्याच्याशी हा अनुभव जुळतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात, जेथे जुलै-ऑगस्टमध्ये पत्रा पूर्ण कोरडा मिळणेच दुरापास्त, तेथे हा फरक निर्णायक ठरतो, कारण झिजलेले मेण पुन्हा लावायला कोरडा दिवस हवा असतो.

मग मेणाच्या बाजूने काय उरते? उरते ती त्याची चमक, आणि ती खरोखरच वेगळी असते. गडद रंगावर कार्नौबा एक ओलसर, खोल झाक आणते. माझ्या भावाच्या मरून रंगाच्या डबल केबिनवर ती संध्याकाळच्या उन्हात पाहिली, की सीलंटची काचेसारखी, जरा थंड चमक फिकी वाटते. परंतु महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर धावणाऱ्या मालवाहू पिकअपी बहुतांशी पांढऱ्या असतात आणि पांढऱ्या रंगावर ही झाक जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे मेणाचा जो मुख्य गुण, त्याचा लाभ पांढऱ्या गाडीच्या मालकाला मिळत नाही, आणि दर दोन महिन्यांनी करावी लागणारी मेहनत मात्र त्याच्या वाट्याला येते. गाडी पांढरी किंवा चंदेरी असेल, तर माझ्या मते येथेच निर्णय झाला. काळी, मरून किंवा गडद निळी असेल, तर पुढे वाचावे.

सिरॅमिक स्प्रे या दोहोंच्या मधला आहे, पण त्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सिलिका-आधारित हा द्रव फवारून लगेच पुसायचा असतो, त्यामुळे वेळ सर्वांत कमी लागतो. गरम पत्र्यावर मारला, तर ढगाळ पट्टे उठतात आणि ते काढताना वाचलेला सगळा वेळ जातो. डीटेलिंगच्या, म्हणजे गाडीच्या बारकाईने सफाई-चमकाईच्या, दुकानात होणारे सिरॅमिक कोटिंग ही निराळी आणि कितीतरी महाग गोष्ट आहे. त्याच्या जाहिरातीतला ‘९एच’ हा आकडा पेन्सिलीच्या कडकपणाच्या मापावरचा आहे, हे ध्यानात ठेवावे. घाटात पुढच्या डंपरच्या चाकाखालून उडालेला खडा त्याने अडत नाही. जी गाडी रोज पंधरा-वीस क्विंटलपर्यंतचे जिन्नस वाहते, त्या गाडीवर हा खर्च मला पटत नाही.

यांपैकी काहीही निवडले, तरी त्याआधीची धुलाई आणि सफाई सारखीच असते, आणि निकालाचा मोठा भाग तिच्यावरच ठरतो. जांभ्याची धूळ खरखरीत असते. कोरडे फडके फिरवले, की तीच धूळ पत्र्यावर गोल-गोल ओरखडे काढते. म्हणून आधी प्रेशर वॉशरने किंवा नुसत्या नळीने माती उतरवावी, मग दोन बादल्या घ्याव्यात, एकीत गाडीचा शाम्पू आणि दुसरीत हात-मोजा खळबळण्यासाठी साधे पाणी. भांड्यांचा साबण या वेळी चालेल, कारण जुने मेण उतरवायचेच असते. एरवी तो वापरल्यास महिन्याभरापूर्वी लावलेला थर त्याच्याबरोबर निघून जातो. धुवून झाल्यावर बोटांवर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवून बोनेटवरून हात फिरवावा. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून बारीक वाळूसारखा लागतो. ती खरखर म्हणजे रंगात रुतलेले लोखंडाचे कण, डांबर आणि झाडांचा चीक. क्ले बार, म्हणजे असे कण ओढून घेणारी मऊ, चिकणमातीसारखी वडी, भरपूर ओल ठेवून फिरवला, की ती निघते. आंब्याच्या चिकाचा थेंब मात्र दोन-चार दिवस उन्हात राहिला, तर रंगच खातो, आणि त्या डागावर ना मेण उपयोगी पडते ना सीलंट. बोअरचे जड पाणी वापरत असाल, तर पत्रा सुकू न देता लगोलग टिपून घ्यावा, नाहीतर क्षारांचे पांढरे गोल डाग उठतात.

सीलंटला येथे एक जादा पायरी लागते: पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पत्रा पुसून तेलकटपणा घालवणे. मेणाला ती लागतेच असे नाही. चुकांच्या बाबतीतही मेण अधिक क्षमाशील आहे. थर जाड बसला, तर पुन्हा त्याच मेणाचा हात फिरवून तो मऊ करून पुसता येतो. सीलंटचा जाड थर वाळला, की पुसताना खांदे भरून येतात. पिकअप सव्वापाच मीटर लांबीची असू शकते आणि टपापर्यंत हात पोहोचायला स्टूल लागते, तेव्हा हा मुद्दा किरकोळ समजू नये. एकेक पत्रा घेऊन, सावलीत, बोटभर मेणात किंवा रुपयाएवढ्या सीलंटच्या ठिपक्यात जेवढे पसरेल तेवढेच पसरावे. पहिल्या वर्षी मी दुपारी अडीच वाजता अंगणात मेण लावायला बसलो आणि चाकांवरच्या काळ्या प्लास्टिकच्या कमानींनाही उत्साहाने हात मारला. त्या कमानी पुढचे कित्येक महिने चुना लागल्यासारख्या दिसत होत्या. मेण काळ्या, दाणेदार प्लास्टिकवर वाळून पांढरे पडते. टेप लावून ते झाकावे किंवा स्पष्टपणे प्लास्टिकवर चालणारे सीलंट निवडावे.

पिकअपची तुलना मोटारीच्या तुलनेहून वेगळी होते ती हौद्यामुळे. बाहेरून बांधून घेतलेल्या हौद्यावर पुष्कळदा पारदर्शक थर नसतोच, साधा एकथरी रंग असतो. ओल्या पांढऱ्या फडक्याला किंचित पॉलिश लावून घासून पाहावे आणि फडके रंगले, तर तेथे पॉलिश करू नये. फाळक्यावर हाताने रंगवलेले गावाचे किंवा देवाचे नाव असेल, तर क्ले बारही तेथून दूर ठेवावा. हौद्याच्या आतल्या बाजूला तर मेण अजिबात लावू नये, पेट्या आणि पाय दोन्ही घसरतात. तेथे ओरखडे साफ करून, गंज खरवडून, प्रायमर आणि रंगाचा हात देणे आणि पाणी निघून जाण्याची भोके मोकळी करणे, यातच शहाणपण आहे. जो मालक बोनेट चकचकीत करतो आणि फाळक्याच्या बिजागरीखालचा गंज तसाच सोडतो, त्याचा पावसाळा महाग पडतो.

गडद रंगाच्या गाडीसाठी दोन्ही वापरता येतात, पण क्रम पाळावा लागतो. सीलंट आधी, ते पक्के झाल्यावर त्यावर मेण. मेणावर सीलंट धरत नाही. भाऊ आता मे महिन्यात सीलंट लावतो आणि दसऱ्याच्या आधीच्या रविवारी केवळ केबिनवर मेणाचा हात फिरवतो, त्यात जेमतेम दीड तास जातो. माझी पांढरी गाडी तेव्हा फक्त धुतली जाते. खंडेनवमीला दोन्ही गाड्यांची पूजा झाली, की झेंडूचा हार बोनेटवर न टाकता आरशांना बांधतो, कारण हाराची तार वाऱ्याने हलली की रंगावर रेघ उठते, आणि हळद-कुंकू त्याच संध्याकाळी ओल्या मायक्रोफायबरने टिपून घेतो.